प्लेग एकच, पण कोणी कसा सोसला?

१८९७ साली पुण्यात प्लेग आला, रँडच्या सोजिरांनी, म्हणजे गोऱ्या शिपायांनी, घराघरांत शिरून झडत्या घेतल्या आणि लोक संतापले. शाळेच्या पुस्तकातून हे वाक्य आपल्या डोक्यात पक्के बसलेले आहे. ते खोटे नाही, पण इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या माणसाचे एवढ्यावर भागत नाही. संतापलेले हे लोक नेमके कोण होते? सदाशिव पेठेतल्या वाड्याचे मालक, की त्याच वाड्याच्या मागच्या बाजूला एका खोलीत भाड्याने राहणारे बिऱ्हाड? घरातला कर्ता पुरुष, की माजघरात बसलेली त्याची विधवा बहीण? आणि मुंढव्याच्या महारवाड्यात, जिथे वर्तमानपत्राचा बातमीदार फिरकतही नव्हता, तिथे काय चालले होते?

एकाच घटनेतून अनेक माणसे जातात. त्यांच्या वाट्याला आलेले सारखे काय होते, वेगळे काय होते आणि ते वेगळे का होते, हे शोधणे हे इतिहासकाराच्या कामातले मोठे काम आहे. त्याची एक रीत आहे, त्यात फसण्याच्या जागाही आहेत. ती रीत समजून घ्यायला आपल्याकडच्या प्लेगइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. त्या साथीबद्दल सरकारने लिहिले, वर्तमानपत्रांनी लिहिले, फाशीच्या कैद्याने लिहिले, बायकांसाठी झगडणाऱ्या एका बाईने लिहिले. आणि ज्यांनी काहीच लिहिले नाही त्यांच्याही खुणा कुठे कुठे सापडतात.

आधी घटनाक्रम थोडक्यात. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रोग्याची गाठ आणि ताप पाहून हा प्लेग आहे असे निदान केले. मांडवी म्हणजे गोदीलगतची वस्ती, धान्याची कोठारे आणि कोठारांत उंदीर. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच महापालिकेच्या आयुक्तांनी हुकूम काढला की रोगी सक्तीने दवाखान्यात न्यायचे. शहर घाबरले आणि पळू लागले. त्या वेळच्या सव्वाआठ लाखांच्या मुंबईतून काही महिन्यांत साडेतीन लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि सरकारला घरात शिरण्याचे, माणूस उचलण्याचे, सामान जाळण्याचे अधिकार मिळाले. तोवर प्लेग पुण्यात पोचला होता. तिथे रँड या सनदी अधिकाऱ्याच्या हाती कारभार दिला गेला आणि १३ मार्चपासून लष्कराच्या मदतीने घरझडत्या सुरू झाल्या. २२ जून रोजी, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीजवळ चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ३ जुलैला तो मेला.

एक गोष्ट सतत लक्षात ठेवली पाहिजे. हा रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, ना सरकारला, ना लोकांना. रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण पिसूचा संबंध १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने मांडला, आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणून गटारे धुणे, भिंतींना चुना फासणे, कार्बोलिक हे जंतुनाशक शिंपडणे, उजेड यावा म्हणून छपराची कौले काढणे असले उपाय चालले होते. आजच्या ज्ञानाच्या जोरावर त्या काळच्या कोणालाही मूर्ख ठरवायचे नाही, ही तुलनेची पहिली अट. ती सरकारलाही लागू आहे आणि दवाखान्याला घाबरणाऱ्या बाईलाही.

आता रीत. इतिहासकार सगळ्यांच्या सगळ्या हकिगती एकदम शेजारी मांडत नाही. तो एक प्रश्न नक्की करतो आणि तोच प्रश्न प्रत्येक साक्षीदाराला विचारतो. एकाच्या घराची गोष्ट आणि दुसऱ्याच्या पगाराची गोष्ट शेजारी ठेवून तुलना होत नाही. तेव्हा आपण एकच प्रश्न घेऊ: पुण्यात घरझडती झाली तेव्हा आणि त्यानंतर बायकांच्या बाबतीत काय घडले?

पहिला साक्षीदार खुद्द रँड. त्याच्या अहवालात म्हटले आहे की स्त्रियांच्या अब्रूवर हेतुपुरस्सर घाला घातला गेल्याची विश्वास ठेवण्याजोगी एकही तक्रार त्याच्या प्लेग समितीकडे आली नाही. हे वाचून दोन प्रकारची चूक होते. एक, सरकारी कागद म्हणून ते खरे धरणे. दुसरी, सरकारी कागद म्हणून ते खोटे धरून बाजूला टाकणे. त्याऐवजी विचारायचे की हा माणूस नेमके काय सांगतो आहे. तो सांगतो आहे की तक्रार आली नाही. तक्रार विश्वास ठेवण्याजोगी आहे की नाही हे ठरवणारा कोण होता? तोच. आणि ज्या घरातल्या बाईशी कोणी गैर वागले, त्या घराने ते बोलून दाखवण्याची किंमत काय होती? हे दोन प्रश्न विचारले की तेच वाक्य पुरावा म्हणून उपयोगी पडू लागते. त्यातून प्रत्यक्ष काय घडले ते कळत नाही, पण तक्रार कुठे अडत होती ते कळते.

दुसरा साक्षीदार टिळकांचा 'केसरी'. टिळक पुण्यातच राहिले, हिंदूंसाठी प्लेगचा दवाखाना उभारण्यात पुढे होते, आणि शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी कडक टीका केली. उपाययोजनाच नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ती राबवताना होणारा जुलूम त्यांना असह्य होता. सोजीर स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरतात, सामान फेकतात, धडधाकट माणसाला रोगी म्हणून ओढून नेतात, बायकांना परक्या पुरुषांसमोर उभे करतात, असा त्या तक्रारींचा सूर. इथे पाहणारी नजर घराच्या मालकाची आहे. घर, सोवळे, अब्रू आणि चीजवस्तू या चार गोष्टी त्यात एकमेकींना चिकटलेल्या आहेत.

तिसरी साक्षीदार पंडिता रमाबाई. मे १८९७ मध्ये त्यांचे पत्र मुंबईच्या एका इंग्रजी ख्रिस्ती पत्रात छापून आले. रमाबाई घराच्या उंबरठ्यावर थांबत नाहीत, त्या दवाखान्याच्या आतले सांगतात. तिथे नेलेल्या तरुण मुलींच्या सुरक्षिततेकडे कोणाचे लक्ष नाही आणि त्यांनी विधवा मुलींसाठी चालवलेल्या शारदा सदनातल्या मुलीलाही त्याची झळ बसली, हा त्यांचा आरोप. गव्हर्नर सँडहर्स्टने तो चुकीचा आणि दिशाभूल करणारा ठरवला.

टिळक आणि रमाबाई यांचे वैर साऱ्या पुण्याला माहीत होते. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते म्हणून काही वर्षांपूर्वीच 'केसरी'ने रान उठवले होते. एकमेकांना पाण्यात पाहणारी, एकमेकांचे लिहिलेले उचलण्याची शक्यता नसलेली ही दोन माणसे एका गोष्टीवर जुळतात: साथीच्या कारभारात बायकांची परवड झाली. एकाच गोटातल्या दहा जणांनी तेच सांगितले तर तो एकच आवाज दहा वेळा ऐकू आलेला असू शकतो. विरुद्ध गोटांतल्या दोघांनी सांगितले तर त्याचे वजन फार वाढते. अनुभव सामाईक होता असे म्हणायला इतिहासकार असा आधार शोधतो. गर्दी किती होती ते तो नंतर मोजतो.

आणि फरक? तोही याच दोन कागदांतून दिसतो. 'केसरी'तली बाई ही बहुधा कोणाच्या तरी घरची बाई आहे, तिचा अपमान हा घराचा अपमान आहे. रमाबाईंच्या पत्रातल्या मुलींना घरच नाही. त्या विधवा आहेत, अनाथ आहेत, आणि त्याच सुमाराला रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीही त्यांच्याकडे होत्या. त्या मुलींच्या आयुष्यात प्लेग हे दुसरे संकट होते. पोट खपाटीला जाऊन, आईबाप गमावून त्या आल्या, आणि इथे आल्यावर साथीच्या नियमांमुळे पुण्यात इतक्या मुली ठेवता येईनात म्हणून त्यांना केडगावला हलवावे लागले. पुढे मुक्ति मिशन म्हणून ओळखली गेलेली वसाहत तिथेच वाढली. वाड्यातल्या बाईसाठी जी गोष्ट घराचे दार मोडण्याची होती, ती या मुलींसाठी दार सापडण्याचीच होती.

चौथा साक्षीदार दामोदर चाफेकर. तुरुंगात त्याने आपली हकिगत लिहिली. तिच्यात झडत्यांबद्दलचा संताप आहेच, पण ती नीट वाचली की त्याचा राग प्लेगच्या आधीपासूनचा आहे हे कळते. समाजसुधारकांवर त्याचा राग होता. प्लेग यायच्या सुमारास मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासणारा आपणच, असे तो सांगतो. म्हणजे १३ मार्चला सोजीर दारात आला तेव्हा त्याने कोरी पाटी असलेल्या माणसाचे दार ठोठावले नव्हते. प्रत्येक माणूस नव्या संकटाकडे आधीच्या आयुष्यासकट पाहतो. दामोदरच्या लेखनावरून 'पुण्याला असे वाटले' म्हणणे चूक, आणि 'एका माथेफिरूला असे वाटले' म्हणून ते झटकणे तितकेच चूक. त्याच्यासारखे वाटणारे किती होते, हे त्याच्या कागदातून कळणार नाही, दुसरीकडून शोधावे लागेल.

तारखा लावून पाहणे हेही तुलनेचे हत्यार आहे, आणि ते फारच कमी वापरले जाते. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. मुलगा डॉ. यशवंत याच्यासह त्यांनी पुण्याबाहेर, ससाणे यांच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि त्यांना लागण झाली, ही हकिगत महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. आता तारीख पाहा. सोजिरांच्या झडत्या १३ मार्चला सुरू झाल्या. सावित्रीबाई त्याच्या तीन दिवस आधी गेल्या होत्या.

आपण 'पुण्याचा प्लेग' म्हणून जे आठवतो त्यात रँड आणि चाफेकर एवढेच असतात. पण झडत्या सुरू होण्याआधीही प्लेग होता, आणि त्या प्लेगमध्ये मुख्य प्रश्न सोजीर घरात शिरण्याचा नव्हता. आजारी माणसाला हात लावायला कोणी येते का, हा होता. पेठेतल्या माणसाची तक्रार अशी की सरकार नको तितके जवळ आले. वस्तीतल्या माणसाचे दुःख असे की जवळ कोणीच येत नाही. दोन्ही खरे आहे, दोन्ही एकाच शहरात, एकाच महिन्यात घडते आहे. पण पहिल्याबद्दल शेकड्याने कागद आहेत आणि दुसऱ्याबद्दल मोजके. कागद कमी म्हणजे अनुभव कमी, असा हिशेब इतिहासकाराने करायचा नसतो. मला विचाराल तर मराठीतल्या प्लेगवरच्या लेखनाने हा हिशेब फार काळ केला.

मुंबईकडे वळलो की चित्र आणखी बदलते. तिथे गिरणी कामगार होता. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या दवाखान्यावर हल्ला केला. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती. तिच्यात तथ्य होते, कारण रोगी तिथे पोचायचा तोच बहुतेक शेवटच्या अवस्थेत. शहरात अफवाही होत्या. दवाखान्यात माणसे मारून त्यांच्या अंगातून मोमियाई नावाचे औषध काढतात, अशी एक. पुतळ्याला डांबर फासल्यामुळे राणी चिडली आहे आणि तिला माणसांची काळजे पाठवायची आहेत, अशी दुसरी. दामोदरच्या डांबराचे पडसाद असे भायखळ्यापर्यंत उमटले होते. अफवा खरी नसते, पण अफवा पसरलेली असते हे खरे असते. ज्यांनी एक ओळ लिहून ठेवली नाही त्यांच्या मनात काय होते, हे कळायचा तो एक मार्ग आहे.

त्याच कामगाराची दुसरी बाजू पाहा. एरवी गिरणीत पगार महिन्याचा आणि तोही मागे ठेवून दिलेला. कामगाराने मध्येच काम सोडले तर तो बुडालाच. १८९७ च्या हिवाळ्यात निम्मे शहर गावी गेले आणि गिरण्यांना माणसे मिळेनात. मग मालकांना रोजच्या रोज मजुरी मोजावी लागली. नाक्यानाक्यांवर कामगारांसाठी बोली लागू लागली, जो जास्त देईल त्याच्याकडे माणूस जायचा. मरण दारात असताना हा कामगार, काही महिन्यांपुरता का होईना, मालकाशी भाव ठरवत होता. हे दुःखाच्या कोणत्याही सरसकट वर्णनात बसत नाही, आणि म्हणूनच ते नोंदवायला हवे. गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे नारायण मेघाजी लोखंडे हे पाहायला फार दिवस राहिले नाहीत. साथीत मदतकार्य करताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा बळी घेतला.

कोणत्या समाजात जास्त माणसे मेली, असा प्रश्न आला की आकडे काढून तुलना करावी असे वाटते. इथे खरी अडचण सुरू होते. मृत्युदर काढायला मेलेले किती आणि एकूण किती, असे दोन आकडे लागतात. एकूण किती हेच ठाऊक नव्हते, कारण शहर रिकामे होत होते आणि पुन्हा भरत होते. कोणत्या आळीतून किती गेले याची नोंद नाही. मेलेल्यांचा आकडाही कच्चा. घरात प्लेग निघाला की झडती, विलगीकरण छावणी, सामान जाळणे हे ओघाने येणार, म्हणून घरचे लोक साधा ताप किंवा छातीचा विकार सांगत. प्रेत रात्रीतून हलवत, काही ठिकाणी लपवतही.

मग वाट काय? त्या काळात नोंदले गेलेले सगळे मृत्यू घ्यायचे, कारण काहीही लिहिलेले असो. साथ नसलेल्या वर्षांत त्याच महिन्यांत साधारण किती मृत्यू होत ते पाहायचे. वरचा जो फरक पडेल तो बहुतांशी साथीचा. लपवणाऱ्याने कारण लपवले तरी मरण बहुधा कुठेतरी नोंदले जाते. कोरोनाच्या काळात आपण वर्तमानपत्रांत जे जादा मृत्यूंचे हिशेब वाचले, ते याच रीतीचे.

आकडे असे तासून घेतल्यावरही एक ढोबळ फरक उरतो. मुंबईतले युरोपियन फार थोडे मेले, दाट चाळींतले गरीब फार मेले. तेव्हाचे काही अधिकारी याचे कारण लोकांच्या सवयींत शोधत. तुलना नीट केली की कारण घरात सापडते. धान्याजवळ, गोदीजवळ, अंधाऱ्या खोलीत दहा माणसे राहतात तिथे उंदीर असतो. ज्याचा बंगला मोकळ्या जागेत, त्याच्या उशाशी उंदीर मरून पडत नाही. घरांवर 'यू.एच.एच.' अशी अक्षरे रंगवली जात, म्हणजे माणसांनी राहण्यास अयोग्य. पण ते घर पाडल्यावर तिथल्या भाडेकरूने जायचे कुठे, याचे उत्तर त्या अक्षरांत नव्हते. १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी ट्रस्ट स्थापन झाला, रुंद रस्ते झाले. उठवलेली बरीच माणसे शेजारच्या, आधीच भरलेल्या चाळींत आणखी दाटीने शिरली.

आता थोडे लांब जाऊ, कारण तुलनेचा सर्वांत मोठा उपयोग तिथे दिसतो. इथले लोक साथीच्या उपायांना विरोध का करतात, याचे ब्रिटिश अधिकाऱ्यांचे आवडते उत्तर होते: जात, सोवळेओवळे, पडदा आणि अंधश्रद्धा. हे उत्तर खरे आहे की नाही, हे नुसते पुण्यात बसून ठरवता येत नाही. जिथे जात नाही, सोवळे नाही, अशा ठिकाणी तसेच उपाय झाले तेव्हा काय झाले ते पाहावे लागते.

हाँगकाँग, १८९४. तिथेही ब्रिटिश सत्ता, तिथेही प्लेग, तिथेही ताईपिंगशान या दाट चिनी वस्तीत सैनिकांकडून घरझडत्या. रोग्यांना 'हायजिया' नावाच्या जहाजावरच्या दवाखान्यात नेत. चिनी लोकांनी कडाडून विरोध केला. परके पुरुष बायकांच्या खोल्यांत शिरतात ही तक्रार, गोरे डॉक्टर औषधासाठी माणसे मारतात ही अफवा, आणि हजारोंनी कॅन्टनकडे पळ. आमचे रोगी आमच्या तुंग वाह दवाखान्यात ठेवा, ही मागणी. मुंबई-पुण्याची नावे काढून टाकली तर कोणते शहर आहे ते ओळखता येणार नाही.

पण दोन्हीकडे परकी सत्ता आहे, तेव्हा विरोध परकेपणाला असेल, असे कोणी म्हणेल. म्हणून तिसरे ठिकाण घ्यायचे. पोर्तुगालमधले पोर्तो, १८९९. सत्ता त्यांचीच, धर्म तोच, भाषा तीच. रिकार्दो जॉर्ज या त्यांच्याच डॉक्टरने प्लेग ओळखला आणि सरकारने शहराभोवती लष्करी वेढा घातला. व्यापार बंद पडला, लोक खवळले, आणि ज्याने रोग ओळखला त्या डॉक्टरलाच शहर सोडून लिस्बन गाठावे लागले.

तीन शहरे शेजारी ठेवल्यावर काय दिसते? माणूस उचलून नेणे, रोजगार तोडणे, आप्तांना मरणाऱ्यापासून दूर ठेवणे, हे कुठेही केले तरी लोक बिथरतात. हा सामाईक भाग आहे आणि तो हिंदू-मुसलमान-चिनी-ख्रिस्ती असा भेद पाहत नाही. त्यामुळे 'हिंदुस्थानी अंधश्रद्धा' हे उत्तर टिकत नाही. उरतो तो खास इथला भाग: देवघरात बूट जाणे, भरवस्तीत परक्या पुरुषांनी बाईची काख आणि जांघ तपासणे, दवाखान्यात कोणाच्या हातचे पाणी प्यायचे हा प्रश्न. विरोध का झाला हे सामाईक भागावरून कळते, तो कोणत्या शब्दांत आणि कोणत्या जागी झाला हे इथल्या भागावरून. ही दोन कारणे एकमेकांत मिसळली की आपण एक तर 'सगळी माणसे सारखीच' म्हणतो, नाहीतर 'आमचे काही निराळेच' म्हणतो. दोन्हींनी विचार थांबतो.

हाच भेद मुंबईतल्या एका दिवसात उघड दिसतो. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात जुलाहा म्हणजे विणकर मुसलमानांच्या एका घरातल्या बारा वर्षांच्या आजारी मुलीला तपासायला माणसे आली. पुरुष डॉक्टरने मुलीला हात लावू नये, असे घरच्यांनी सांगितले. बाचाबाची झाली, गर्दी जमली, दगडफेक झाली, गोळीबार झाला, दंगल पसरली. त्यानंतर शहरात मोठा संप झाला. सदाशिव पेठेतला ब्राह्मण आणि मदनपुऱ्यातला विणकर यांच्यात एरवी कोणते साम्य शोधणार? पण घरच्या मुलीला परक्या माणसाने तपासणे या एका गोष्टीवर दोघांचे काळीज सारखेच जळले. फरक पुढे पडतो. पेठेच्या हाती छापखाना होता, विधिमंडळात बोलणारा माणूस होता. मदनपुऱ्याच्या हाती दगड होता. विरोधाची रीत पाहून संताप कमी-जास्त ठरवू नये.

त्याच मुंबईत काही समाजांनी तिसरी वाट काढली. पारशांनी, भाटियांनी, आणखी कितीतरी जातीजमातींनी आपापले प्लेग दवाखाने उघडले. रोगी आपल्या माणसांत राहील, मग न्यायला हरकत नाही. हाफकिन या जंतुशास्त्रज्ञांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगवरची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी लोकांसमोर ती टोचून घेतली, तेव्हा त्यांचे अनुयायी मोठ्या संख्येने पुढे आले. विश्वास कोणाच्या तोंडून येतो यावर किती अवलंबून असते ते पाहा. पण स्वतःचा दवाखाना उभारायला पैसा लागतो, ट्रस्टी लागतात, सरकारदरबारी ओळख लागते. घाटावरून आलेल्या आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या हमालाकडे यांतले काही नव्हते. त्याच्यापुढे दोनच वाटा, सरकारी दवाखाना किंवा गाव.

शेवटी सर्वांत अवघड भाग: जे बोलले गेलेच नाही. १८९७ च्या उन्हाळ्यात गोपाळ कृष्ण गोखले एका आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितले की सोजिरांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. प्रचंड गहजब झाला. परत आल्यावर त्यांनी पत्र लिहिणाऱ्यांकडे पुरावा मागितला, पण नाव उघड करायला कोणी तयार होईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली, सरकारने समाधान मानले.

माफीचा अर्थ काय घ्यायचा? तो आरोप सिद्ध करता आला नाही, एवढाच. ती घटना घडली असे इतिहासकार म्हणू शकत नाही. ती घडली नाही, असेही तो त्या माफीवरून म्हणू शकत नाही, कारण नाव उघड झाले असते तर त्या बाईचे पुढे काय झाले असते हे त्या काळचे घर, जात आणि नातेवाईक यांना ओळखणाऱ्या कोणालाही कळते. रँडच्या अहवालातली 'तक्रार आली नाही' ही ओळ आणि गोखल्यांची माफी हे दोन कागद शेजारी ठेवा. परस्परविरोधी गोटांतून आलेले हे कागद एकाच भिंतीला जाऊन धडकतात, आणि ती भिंत सोजिरांनी बांधलेली नव्हती. रमाबाईंना ती ओलांडता आली, कारण त्यांच्या मुलींवर कोणत्याही कुळाचा मालकी हक्क उरला नव्हता.

आणि आपण कोणता प्लेग आठवतो, याचीही तुलना करायला हवी. मराठी स्मरणात प्लेग म्हणजे १८९७. त्या वर्षी खून झाला, 'केसरी'तल्या लेखनावरून टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली, आणि पुढच्या वर्षी दामोदर चाफेकरला फाशी झाली. पण रोग तिथे थांबला नाही. १८९८ नंतर सरकारने जबरदस्ती हळूहळू सैल केली. झडत्या आणि सक्तीची छावणी मागे पडली, लस आणि गाव रिकामे करून माळावर झोपड्यांत राहणे यांवर भर आला. राजकारण शांत झाले आणि मरणे वाढली. देशभर सव्वा कोटीच्या आसपास माणसे प्लेगने गेली, आणि सर्वांत भयंकर वर्ष १९०७ होते. त्या एका वर्षात तेरा लाखांच्या आसपास माणसे मेली, त्यांतली जवळपास निम्मी पंजाबातली, बहुतेक खेड्यांतली. तिथे रँड नव्हता, सोजीर दारात आला नव्हता, म्हणून त्या खेड्यांमधल्या माणसांबद्दल आपल्या पुस्तकांत ओळभरही सापडत नाही.